शनिवारचा हुंकार

"एक तोंड, ऐंशी कान!"

शनिवारच्या शेवटच्या तासाला ढवळू गुरुजी नववीच्या उंबऱ्यावर उभे राहून एवढंच म्हणायचे, आणि सगळा वर्ग ओठांवर बोट ठेवायचा. ऐंशी कान चाळीस पोरांचे, तोंड एकट्या गुरुजींचं. पट चाळीसचा नसला, दहा पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असली, तरी गुरुजींचा आकडा ऐंशीचाच. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गेलेली पोरं कान इथंच ठेवून गेलीत. मी वाचतो ते त्यांना भट्टीवर ऐकू जातं."

मग ते खुर्चीत बसायचे. पिशवीतून कादंबरी काढायचे. खाकी कागदाचं वेष्टन, त्यावर प्लॅस्टिक, खुणेला मोराचं पीस. डावा हात पुस्तकाखाली, उजवा मोकळा. वाचायला लागले की तो उजवा हात आपोआप वर यायचा, खाली जायचा, जणू हवेत वल्हं मारतोय. कादंबरी होती एका तरीवाल्याची. खाडीच्या या काठाची माणसं त्या काठाला नेणारा म्हातारा, त्याची नाव, आणि एक दिवस तिथं बांधायला घेतलेला पूल. डोंगरातल्या या पोरांनी खाडी कधी पाहिली नव्हती. पण गुरुजी वाचायचे तेव्हा वर्गात ओलसर वारा सुटल्यासारखं वाटायचं.

ही सूर्यमाळच्या अंगाची आश्रमशाळा. गुरुजींचं घर तिकडे दाभोशाच्या बाजूला, नदीकाठच्या पाड्यावर. शनिवारी शाळा सुटली की दोन जीपा बदलून घरी, सोमवारी पहाटे निघून परत. पाड्यातून शाळेत जाऊन मास्तर झालेले ते पहिले. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कुणी बोलत नव्हतं. ती त्यांनी भाताच्या रोपासारखी, वाकून वाकून, एकेक काडी चिखलात रोवून लावली होती. त्यामुळे तिचा अभिमान मोठा. पोरांना सांगायचे, "घरची बोली चपलांबरोबर दाराशी काढायची. जाताना घालून जा."

घरी त्यांना फार मोल नव्हतं. भात झोडताना ते सगळ्यांत मागे पडत, दोन्ही मुलं हसत, बायको म्हणे, "तुम्ही बसा सावलीला, खडू धरणारा हात तुमचा." शाळेतही ते साधे शिक्षक. बढती नाही, पुरस्कार नाही. सगळ्या आठवड्यात त्यांचं म्हणावं असं एकच होतं, शनिवारचा शेवटचा तास. दिवाळीच्या सुट्टीनंतर कादंबरी उघडायची, होळीच्या आत मिटायची. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. मोखाड्याच्या बाजारात कधी एखादा बाप्या पोराला खांद्यावर घेऊन आडवा यायचा आणि विचारायचा, "गुरुजी, तरीवाला बरा आहे ना?" त्या दिवशी गुरुजींना भूक लागायची नाही. तेवढ्यानं पोट भरलेलं असायचं.

विसाव्या वर्षी हर्षदाबाई आल्या.

जव्हारच्या एका कारकुनाची मुलगी. वय पंचविशीच्या आतबाहेर, मानधनावर नेमणूक. नव्या वेळापत्रकात नववीचं मराठी त्यांच्याकडे गेलं. दिवाळीनंतर शाळा भरली त्याच दिवशी त्या गुरुजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, एक मागू का? तुमची तरीवाल्याची कादंबरी यंदा मी नववीला घेऊ? दहावीची पोरं अजून तिच्याबद्दलच बोलत असतात."

गुरुजींची छाती फुगली. "घ्या की. त्यात विचारायचं काय!"

"नाशिकला जुन्या पुस्तकांच्या दुकानात सहा प्रती मिळाल्या. पोरांच्या हातात देता येतील."

"द्या, द्या. पाहत पाहत ऐकतील."

गुरुजींना वाटलं, बाई मागच्या बाकावर बसतील, पोरं पुस्तकात बोट ठेवतील आणि वाचणार आपणच. शनिवारी त्यांनी सकाळीच मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, ज्येष्ठमधाची काडी चघळली, आणि शेवटच्या तासाला नववीच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

बाक भिंतीला लावलेले. पोरं जमिनीवर सहा-सहांची रिंगणं करून बसलेली. प्रत्येक रिंगणात एक पुस्तक. प्रत्येक पोराच्या गळ्यात सुतळीनं ओवलेला पुठ्ठ्याचा बिल्ला, खडूच्या खोक्यांचा कापलेला. एकावर लिहिलेलं 'वाचणारा', एकावर 'विचारणारा', एकावर 'शब्द शोधणारी', एकावर 'चित्र काढणारा', एकावर 'आपल्या पाड्याशी जोडणारी', एकावर 'थोडक्यात सांगणारी'. आणि वर्गात आवाज. एकोणीस वर्षांत त्या तासाला असा आवाज कधी झाला नव्हता.

"या ना गुरुजी," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला एकेक काम दिलंय. दर शनिवारी कामं बदलायची. आधी रिंगणात बोलायचं, मग सगळ्या वर्गात. तुम्ही बसा, ऐका."

ऐका. गुरुजींना तो शब्द तळपायाला काटा रुतावा तसा रुतला. "मला वह्या तपासायच्यात," म्हणाले आणि वळले.

त्यांनी वह्या तपासल्या नाहीत. शेजारच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले. भिंत कुडाची, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. नितीन नावाचा पोरगा वाचत होता. ठेचकाळत, श्वास नको तिथं घेत. गुरुजींच्या जिवाची नुसती काहिली. 'अरे, तिथं थांबायचं नाही! ती ओळ पाण्यासारखी सोडायची!' तरी पोरं ऐकत होती. मग कुणी विचारलं, "तरीवाल्याला बायको नाय का?" कुणी म्हणालं, "हाय, पण लेखकानं सांगितली नाय." आणि हशा पिकला. गुरुजींच्या तासाला पोरं रडली होती, पण हसली कधी नव्हती. त्यांना त्या हसण्याचा हेवा वाटला. बिल्ल्यांच्या सुतळ्यांचासुद्धा हेवा वाटला.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. "फागी, तू का बाजूला?"

त्या वर्षी पट सदतीसचा. सहा सक छत्तीस. उरली एकटी फागी, सूर्यमाळच्या वरच्या पाड्याची. वर्षभरात तिचा शब्द कुणी ऐकला नव्हता. गुरुजींनी तिला ढ म्हणून कधीच सोडून दिलं होतं.

"सगळी कामं वाटून झाली गं. तुला काय देऊ?"

 मग अगदी बारीक आवाज, आणि तोही घरच्या बोलीच्या हेलाचा, "मी हुंकारा देन."

"म्हणजे?"

"आमच्यात गोष्ट सांगतात, तवा एक जण हुंकारा देतो. खरं वाटलं तं हं म्हणायचा. नाय वाटलं तं गप. मग सांगणाऱ्यानं परत सांगायची."

पोरं एकदम बोलायला लागली. "हां बाई, आमच्या पाड्यातपण!" "हुंकारा नसला तं गोष्ट रुसते!" बाईंनी लगेच पुठ्ठा कापला. सगळ्या वर्गाची मिळून एक हुंकारी, फागी.

भिंतीच्या अलीकडे गुरुजी स्तब्ध झाले. नाचणीच्या खळ्यावर त्यांचा बाप गोष्ट सांगायचा, आणि शेकोटीशेजारी बसून हुंकारा द्यायचा तो सात-आठ वर्षांचा ढवळू. बाप म्हणायचा, 'हुंकाऱ्या झोपला तर राजा मेला बघ.' हे त्यांना तीस-चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. चपलांबरोबर दाराशी काढलेलं तिथंच राहून गेलं होतं. आणि आता ते कुणाच्या हाती लागलं? जव्हारहून आलेल्या या पोरसवद्या बाईच्या.

तेव्हापासून गुरुजींना शनिवार पोखरू लागला.

पाणी प्यायच्या निमित्तानं ते नववीवरून जायचे. एकदा म्हणाले, "हर्षदाबाई, वर्ग आहे की मोखाड्याचा बाजार?" बाई हसून म्हणाल्या, "बाजारच गुरुजी. ज्याचा त्याचा माल आणतात." गुरुजी पाणी न पिताच परत फिरले, आणि तो राग सोमवारपर्यंत टिकला. एकदा त्यांनी चित्र काढणाऱ्याची वही उचलून पाहिली. तरीवाल्याच्या डोक्यावर पोरानं पळसाच्या पानांचं इरलं काढलं होतं. "खाडीवर इरलं कुठून आलं रे?" "गुरुजी, पाऊस तं तिकडंपण पडतो ना?" पोरानं सरळ विचारलं. गुरुजींनी वही खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांसमोरचा तरीवाला एकोणीस वर्षं पागोट्याचा होता. आता तो डोळे मिटले की इरलं घेऊन दिसायला लागला. हा तर घरात शिरून केलेला दरोडा!

सगळ्यांत जास्त ऐकू यायचं ते फागीचं "हं". लांबून, हळू, नेमकं. वाक्य संपलं की एक क्षण सोडून. त्या एका अक्षरासाठी पोरं जीव टाकायची. "फागे, हं म्हण की!" "पटलं नाय मना." "बरं, परत सांगतो." रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या गुरुजी मनातल्या मनात वाचायचे, आपल्या त्या खास ठेवणीतल्या आवाजात, आणि वाक्यापुढे थांबायचे. पलीकडून काहीच यायचं नाही. एकोणीस वर्षांत कधी आलंच नव्हतं. ओठांवर बोट ठेवलेलं पोर हुंकारा देणार कुठून?

होळीला तीन आठवडे उरले. शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. पुस्तकांचं कपाट गुरुजींच्या ताब्यात, त्यामुळे सहाही प्रती आठवडाभर त्यांच्याकडेच असायच्या. शुक्रवारी संध्याकाळी पोरं अंघोळीला ओढ्यावर गेली तेव्हा गुरुजींनी कपाट उघडलं. कपाटाला काचा, आतलं बाहेरून दिसायचं. म्हणून सहाही पुस्तकं टॉवेलात बांधली आणि स्वयंपाकघरामागच्या कोठारात नेऊन नाचणीच्या रिकाम्या कोठीत ठेवली. पत्र्याची उंच कोठी, नवं धान्य येईपर्यंत तिला कुणी हात लावायचं नाही. झाकण घट्ट लावलं. मन आतून गुदगुल्या झाल्यासारखं हसलं. पुस्तक आता एकच उरलं होतं, त्यांचं. बाईंना त्यांच्या दाराशी यावंच लागणार होतं. 'गुरुजी, तुम्हीच वाचा.'

बाई तासाभरात आल्याच. "गुरुजी, उद्याची पुस्तकं?"

"तालुक्याला गेली. तपासणीला मागवली होती."

"सगळी?"

"सगळी. माझं आहे, हवं तर..." गुरुजींनी वाक्य मुद्दाम अर्धं सोडलं.

"बघते," बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

शनिवारी सकाळी हिराबाई चहा घेऊन आली. शाळेची स्वयंपाकीण, गुरुजींपेक्षा चार वर्षांनी मोठी, कुणाला न भिणारी. कप ठेवून ती जागची हलली नाही.

"गुरुजी, कोठीत काय पेरलाव?"

गुरुजींनी आधी दाराबाहेर पाहिलं. "काय?"

"मना वाटलं घूस शिरली. झाकण काढलं तं टॉवेल. टॉवेलात सहा बुकं. आता पाणी घालू का? उगवतील?"

"हळू बोल गं, हिराबाई."

"मी हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलले तं अख्खी शाळा येल." तिनं पदर खोचला. "माझ्या कोठीत धान्य असतं. दुसऱ्याचं मी ठेवून घेत नाय. पोरांची जेवणं व्हायच्या आत न्या. नाय तं आज पंगतीत भाकरीबरोबर एकेक पान वाढीन."

"तुला नाही कळायचं ते."

"मना?" हिराबाई दारात वळली. "माझ्या हाताखाली ती हौशी आली, तिच्या पिठल्याला पोरं बोटं चाटायला लागली. आठ दिस मी तिची मिठाची बरणी लपवून ठेवली होती. मना नाय कळायचं तं कुणाला?"

ती गेली. गुरुजींनी चहा तसाच ठेवला. पण पुस्तकं आणायला उठले नाहीत. अजून शेवटचा तास व्हायचा होता. गुळण्या करून, ज्येष्ठमध चघळून, कादंबरी मांडीवर घेऊन ते खोलीत वाट पाहत बसले. घंटा झाली. दारात कुणी आलं नाही. पलीकडे बाक सरकले, रिंगणं बसली.

"पुस्तकं नाहीत आज," बाईंचा आवाज. "पण मागच्या शनिवारपर्यंतचं तुमच्याकडे आहे ना? वह्या काढा. जिथं अडलो होतो तिथूनच."

म्हणजे पुस्तकाशिवायही चाललं होतं! गुरुजी ताडकन उठले. कादंबरी काखेत मारून वर्गाबाहेरच्या ओट्यावर खांबाला टेकून उभे राहिले. कुणाला दिसलो तर दिसलो.

सुनिता त्या दिवशी विचारणारी होती. ती उभी राहिली. "पूल बांधायला साहेब लोक खुंट्या ठोकून जातात. रोज सकाळी एक खुंटी उपटलेली असते. तरीवालाच उपटतो, हे आपल्याला कळलं. पण का उपटतो?"

नितीन म्हणाला, "पूल झाला तं त्याचं पोट जाणार म्हणून."

सगळ्यांनी फागीकडे पाहिलं. फागी गप्प.

"नाय कसं? पोट जाणारच ना!"

"साहेबानं त्याला पुलावर चौकीदार घेतो म्हणून सांगितलंय," फागी म्हणाली. "पगार देणार हाय. तरी उपटतो."

मग दुसरा उठला. "खाडीला दुखेल म्हणून. खुंट्या ठोकल्या की खाडीला दुखतं." वर्गाला हे आवडलं. गुरुजींनाही एकोणीस वर्षं हेच आवडत आलं होतं. इथं पोहोचले की त्यांचा आवाज भरून यायचा आणि मुली डोळे पुसायच्या. त्यांनी ओट्यावरून फागीच्या तोंडाकडे पाहिलं. फागी गप्प.

"बापजाद्यांची नाव होती म्हणून." गप्प. "त्याला सवय नव्हती नव्याची." गप्प. बाईसुद्धा म्हणाल्या, "लोक त्याला विसरतील, ही भीती असेल का गं?" फागीनं मान थोडी हलवली, ना हो, ना नाही. हुंकारा आला नाही. गोष्ट तिथंच थांबून राहिली. छत्तीस पोरं एका पोरीच्या बंद ओठांकडे बघत बसली. बाहेर उन्हात पळसाचं एक फूल खाली पडलेलंही ऐकू आलं असतं.

"बघवत नव्हतं त्याला!"

आवाज ओट्यावरून आला. सगळी डोकी वळली. तो गुरुजींचा वाचायचा आवाज नव्हता, घोळलेला, चढउताराचा. घरचा होता, खळ्यावरचा.

"लोक पुलाकडं बघत होते ना, रोज काठावर येऊन? हसत होते. त्याच्या नावंत बसल्यावर कुणी कधी हसलं नव्हतं. गप बसायचे, पाण्याला भिऊन. मना... त्याला ते हसणं बघवंना. पोट नाय, खाडी नाय, काय नाय. जळत होता तो. रातभर जळायचा आन् सकाळी खुंटी उपटायचा. उपटली की जरा बरं वाटायचं. आन् मग लाज वाटायची."

गुरुजी थांबले. 

एक क्षण गेला.

"हं," फागी म्हणाली.

नाचणीच्या रिकाम्या खळ्यावर कुणी एक दाणा टाकावा, तेवढाच आवाज. गुरुजींनी खांब घट्ट धरला. पोरांनी सुटकेचा श्वास सोडला, पेन्सिली चालू झाल्या, सुनिता वहीत लिहू लागली: 'जळत होता.' कुणाला काही कळलं नव्हतं. हर्षदाबाई मात्र गुरुजींकडे बघत होत्या, आणि त्यांच्या काखेतल्या पुस्तकाकडे.

गुरुजी वळले आणि स्वयंपाकघराकडे गेले. परत आले तेव्हा टॉवेलाचं गाठोडं हातात होतं, आणि मागे हिराबाई, चुलीवरची भाकर सोडून, दारापर्यंत.

गाठोडं त्यांनी टेबलावर सोडलं. पुस्तकांना नाचणीचा कोंडा लागला होता.

"तालुक्याहून लवकर आली," हर्षदाबाई हळूच म्हणाल्या.

"तालुक्याला गेलीच नव्हती. कोठीत होती. मी ठेवली होती." आपली वाचायची मराठी गुरुजींनी पुन्हा अंगावर चढवली होती, पण ती आज जरा सैल बसत होती.

बाईंनी वरचं पुस्तक उचललं. मग म्हणाल्या, "गुरुजी, मी ही कादंबरी तुमची म्हणूनच घेतली. दुसरं काही घेतलं असतं तर पोरं इतकी बसली नसती." मग कोंडा झटकत म्हणाल्या, "दोन प्रकरणं उरलीत. तुम्ही वाचता का?"

पोरांनी आपण होऊन बोटं ओठांवर नेली. इतक्या शनिवारांची भूक गुरुजींच्या जिभेवर आली. उजवा हात वरही उचलला. मग त्यांनी त्या ओठांवरच्या बोटांकडे पाहिलं, आणि हात खाली घेतला.

"ज्याच्या गळ्यात वाचणाऱ्याचा बिल्ला आहे त्यानं वाचावं. आज सगळ्या वर्गासाठी कोण?"

"मीच," नितीन अपराध्यासारखा म्हणाला.

"मग वाच. पण रड्या, पूर्णविरामावर श्वास घे, मध्ये नको. आणि 'नाव धुतली' या दोन शब्दांवर घाई केलीस तर सोमवारी कान धरीन." मग पोरांकडे बघत खेकसले, "बोटं काढा तोंडावरची! हुंकारा कोण देईल मग?"

हिराबाई दारात तोंडाला पदर लावून हसली. "जीप जाईल तुमची, गुरुजी," म्हणाली, आणि करपलेल्या भाकरीच्या वासाकडे धावली.

गुरुजी पायऱ्या उतरले. कादंबरी त्यांनी पिशवीत टाकली नाही, काखेतच ठेवली. मागे नितीन वाचायला लागला होता, 'पूल उभा राहिला त्या दिवशी तरीवाल्याने नाव धुतली.' वाईट वाचत नव्हता. गुरुजींना ते ऐकून पुन्हा एकदा जळल्यासारखं झालं, थोडंसं, राखेखाली असतं तेवढं. ते थांबले नाहीत.

खिडकीशी फागी बसली होती. शाळेची उतरण तिथून पार खालच्या जांभळीपर्यंत दिसायची. गुरुजी उन्हात चालले होते, एकटे, आणि त्यांचा उजवा हात वर येत होता, खाली जात होता. ओठही हलत असावेत. प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं. फागी बघत राहिली. आत नितीननं पान उलटायला थुंकी लावली, वाचणं क्षणभर थांबलं, आणि तेवढ्यात, कुणीच काही सांगत नसताना, फागीनं हळूच हुंकारा दिला.

"हं."

जांभळीपाशी वाट वळली. हात तेवढा शेवटपर्यंत दिसला.